ॲसिडावरची रांगोळी

“बसू, आज जर माझे धने करपले ना, तर तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार न्हाई मी! ऐकालायस न्हवं?”

हे हौसाक्का आमच्या कांडपाच्या उंबऱ्याच्या आत दोन्ही पावलं ठेवून, वर आमच्याच तांब्यातलं पाणी पीत सांगत होती.

बसू म्हणजे माझे आप्पा. त्यांनी नुसती मान डोलावली. एरवी त्यांनी असं काही चुरचुरीत परत दिलं असतं की हौसाक्काला पाण्याचा ठसका लागला असता. पण त्या वर्षी आप्पांचं बोलणंच आटलं होतं.

मी नुकतीच शाळेतून येऊन दारात उभी होते. पाडवा तोंडावर आलेला, सकाळची शाळा, डोक्यावर ऊन आणि पोटात कावळे. आठवीत होते मी तेव्हा. आता दहावीत आहे, आणि मधल्या काळात मी किती बोलायला लागलेय ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, लोक कानावर हात ठेवून सांगतील. तेव्हा मात्र आप्पांसमोर माझ्या तोंडातून धड वाक्य फुटायचं नाही. धाक म्हणाल तर तसा काही नव्हता. त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही मला. पण मिरची कुटायच्या डंकाच्या धडधडीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि आप्पांवर आवाज चढवायची आमच्या घरात कुणाची पद्धत नव्हती.

“आणि ही बघ, आली तुझी मैना,” हौसाक्का माझ्याकडे वळली. “काय गं सृष्टे, वाचा शाळेतच ठेवून आलीस व्हय?”

मी हसले. तेवढंच जमायचं.

हौसाक्काच्या पुढ्यात तिची वेताची टोपली होती. धने, तीळ, खोबरं, दगडफूल, सगळं वेगवेगळ्या फडक्यात बांधलेलं. मिरच्या आमच्या गच्चीवर वाळत होत्या, त्या उद्या कुटायच्या होत्या. आज नुसतं भाजायचं काम.

“रेणूच्या सासरी जायची हाय ही चटणी,” ती आप्पांना म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा खाली आला. “लगीन झाल्यावर पयल्या साली चटणी माहेरनं जाती, तुला काय नवं सांगू? तिची सासू बोट लावून चाखणार, आणि मग माझ्या लेकीकडं बघणार. कसं बघणार, ते तुझ्या हातात हाय बाबा. चौगुल्याच्या सुनेचं झालं तसं करू नगंस.”

चौगुल्यांच्या सुनेचे धने करपले होते. त्याआधी मास्तरीणबाईंचं खोबरं कच्चं राहिलं, आणि बरणीभर चटणीला खवट वास आला. दोघी नव्या एसटी स्टँडजवळच्या चकचकीत कांडपाकडे गेल्या. त्यांच्या मागून आणखी किती गेल्या ते आप्पा बोलत नव्हते, पण आमच्या दारातली टोपल्यांची रांग बोलत होती. आणि हौसाक्का गेली की तिच्यामागून अख्खी गल्ली जाणार, हे तिला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं, मला पण.

गडहिंग्लजात मिरचीला तोटा नाही, आणि मिरची कुटणाऱ्यांनाही नाही. नुसतं कुटूनच घ्यायचं तर बाई कुठेही जाईल. आमच्याकडे बायका यायच्या त्या आप्पांच्या नाकासाठी. कढईकडे पाठ करून, डंकात मिरची सारता सारता, मागे न बघता आप्पा म्हणायचे, “वहिनी, तीळ उतरवा आता.” आणि तीळ खरंच त्या क्षणाला झालेले असायचे. “ह्याच्या नाकाला डोळं हायती,” असं हौसाक्काच म्हणायची. आई म्हणायची, यंदा ह्यांचं लक्षच नाही कामात. मला वाटायचं, वय झालं असेल. आठवीत असताना चाळिशीतला माणूस म्हाताराच वाटतो.

“दिवेलागणीला ये,” आप्पा हौसाक्काला म्हणाले. “सगळं भाजून ठेवतो. आधी आमच्या घरच्या मालाची एक कढई काढतो, मग तुझं घेतो.”

“येतो. आणि नाकानं काम कर, भजन करत बसू नगंस.” ती समोरच्या तिच्या घरात गेली.

आई त्या दिवशी अंगणवाडीच्या मीटिंगला कोल्हापूरला गेलेली. मी आत जाऊन हातपाय धुतले आणि भाकरी वाढून घेतली. मधल्या खोलीत बसून मी दुसराच घास घेत असेन, तेवढ्यात कोठीच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. मग आप्पांचा खोकला.

खोकल्याचं आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. कांडपवाल्याच्या घरात पाहुणासुद्धा शिंकतच आत येतो. मी तिसरा घास घेतला. आणि माझ्या नाकात कुणीतरी सुई घातली.

मिरचीचा वास मी जन्मल्यापासून ओळखते. तो आधी घशाला धरतो, मग डोळ्यांत येतो. हा तसा नव्हता. हा सरळ, थंड, पांढराशुभ्र वास होता. आई संडास घासते तेव्हाचा.

ॲसिड!

आईनं पाडव्याच्या साफसफाईसाठी सायकलवरच्या ॲसिडवाल्याकडून ते घेतलं होतं. तो बाटली देत नाही, ज्याची त्यानं आणायची. आणि मसालेवाल्याच्या घरात रिकामं काय असणार? गोडेतेलाचा कॅन. त्यात पिवळसर ॲसिड भरून आईनं तो कोठीच्या दारामागे, धन्याच्या पोत्याआड ठेवून दिला होता. आमच्या गावातली निम्मी घरं असंच करतात. आम्हीही करायचो. त्या दिवसापर्यंत.

ताट बाजूला सारून मी धावले. कोठीत अंधार होता. आप्पांनी पोतं ओढलेलं, त्याच्या धक्क्यानं कॅन आडवा झालेला, टोपण कुठल्या कुठे गेलेलं. आप्पा अनवाणी उभे होते, खोकत होते, डोळ्यांतून धारा. हातात गोणपाटाचं फडकं.

“माठ पाझरालाय वाटतं गं,” ते म्हणाले, आणि पुसायला खाली वाकले.

मी दिवा लावला. शहाबादी फरशीवर ओल पसरली होती आणि तिच्या कडेला बारीक पांढरा फेस चुरचुरत होता. फरशी शिजत होती, आणि आप्पांचा हात तिच्यापासून वीतभर लांब होता.

“हात लावू नका!”

हा आवाज कुणाचा, हे कळायला मलाच क्षणभर लागलं. आप्पा वाकल्या जागी थिजले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची लेक त्यांच्यावर ओरडली होती.

“पाणी नाही ते, ॲसिड आहे! मागं या. पाय उचलून. तिकडून नको, इकडून, कोरड्यातून!”

ते आले. शहाण्या मुलासारखे आले. त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा आणि चवडा ओला दिसला, तशी मी त्यांचा दंड धरून ओढत त्यांना मागच्या परसात नळाखाली बसवलं.

“पाय धारेखाली धरा, आणि मी सांगेपर्यंत काढायचा नाही.”

“अगं, नुसतं जरा चुणचुणतंय...”

“काढायचा नाही म्हटलं ना!”

काय सांगू, त्या वाक्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

पुढे पळत गेले, कढईखालचा गॅस बंद केला, दुकानाचं शटर पूर्ण वर ढकललं. मागचं दार उघडंच होतं. कोठीची छोटी खिडकी वर्षानुवर्षं उघडली नव्हती, ती मी बाहेरून, परसातून, काठीनं ढकलून उघडली. मग परसातच थांबले. हे थांबणं सगळ्यात अवघड होतं. आत आमची सगळ्या सीझनची पोती, आणि मी बाहेर तुळशीजवळ उभी. पण आमच्या विज्ञानाच्या हेब्बाळे मॅडमनी प्रयोगशाळेत एकदा बाटली फुटली तेव्हा पहिल्यांदा आम्हाला बाहेर काढलं होतं. वाफ निवू द्यायची, सामान नंतर. कुणाला शूर दिसायचंय त्यानं तिकडं क्रीडांगणावर जावं, असं म्हणाल्या होत्या.

तेवढ्यात नाकाला पदर लावून हौसाक्का आलीच.

“काय पेटवलंस रं बसू? माझ्या घरापत्तुर नाक फुटालंय! अगं बाई, पाय काय झाला?”

“ॲसिड सांडलंय, हौसाक्का,” मी म्हणाले. “आत जाऊ नका.”

“मग पानी वत की बादलीभर!”

“नको! पाण्याबरोबर ते पोत्यांखाली पसरेल. आधी ते जागेवर धरायचं.”

“मग माझ्याकडं ती पांढरी पावडर हाय बघ, गटारीत टाकायची. ब्लिचिंग. झक्कास साफ हुतंय. आणतो थांब.” आणि ती निघालीसुद्धा.

मी तिचा पदर धरला. हौसाक्काचा पदर धरणं म्हणजे चालत्या एसटीला हात लावण्यासारखं.

“हौसाक्का, पाया पडते. ॲसिडात ती पावडर पडली की विषारी वायू सुटतो. आपण तिघं इथंच आडवे होऊ. आणि रेणूताईची चटणी राहील टोपलीत.”

चटणीच्या नावानं ती थांबली. “मग घालायचं तरी काय त्यात?”

हा प्रश्न मीही स्वतःला विचारत होते. ॲसिड मारायला मॅडमनी सांगितलेला खायचा सोडा आमच्या घरात होता, चमचाभर. त्या डबक्याला तो म्हणजे हत्तीला शेंगदाणा. अंगणात नजर फिरवली. चुन्याची डबी? तेवढीशी. राख? गॅस आल्यापासून घरात राख कुठली. मग दुकानाच्या पायरीवरचं पोतं डोळ्यांपुढे आलं. पाडव्याच्या आधी आप्पा विकायला ठेवतात ते. पांढऱ्या रांगोळीचं.

शिरगोळ्याची रांगोळी! शिरगोळा म्हणजे दगड, आणि दगड म्हणजे आमच्या शहाबादी फरशीसारखा ॲसिडात चुरचुरणारा असला तर ॲसिडाचा जोर त्यातच मरेल... पण सगळ्या रांगोळ्या तशा नसतात, काही नुसती रेती असते. बघायला हवं होतं.

मी तयार झाले. हातात आईचे भांडी घासायचे रबरी मोजे, पायात पावसाळी गमबूट, डोळ्यांवर आप्पांचा मोटारसायकलचा गॉगल, तोंडाला ओला रुमाल.

“पोरी, तुला चंद्रावर सोडालेत काय?” हौसाक्का म्हणाली.

वाफ बरीच निवली होती. दारातूनच मी चिमूटभर रांगोळी ओलीच्या कडेला टाकली. स्स्स करून फेस आला. असा छान, गुबगुबीत फेस, की मला तिथंच नाचावंसं वाटलं.

“चालतंय! हौसाक्का, पोतं इकडं दारापर्यंत ओढा. आत यायचं नाही. तोंडावर पदर.”

“आता ही मला हुकूम सोडालीय,” हौसाक्का नळाकडे तोंड करून म्हणाली, पण पोतं ओढलं. मी बाहेरच्या कडेनं रांगोळीचा बांध घालत गेले, म्हणजे ओल पुढं सरकू नये. मग कडेकडून आत, आत. रांगोळी ओली व्हायची, चुरचुरायची, फेसाळायची आणि गप्प बसायची. मी वर आणखी घालायची.

हौसाक्का दारातून मान वाकडी करून बघत होती. “ॲसिडावर रांगोळी! जन्मात बघितलं न्हवतं. ठिपकं किती घालणार गं? आणि मधी कमळ काढणार का नुसती वेल?”

मला असं हसू आलं की गॉगल धुकट झाला. परसातून आप्पांचा आवाज आला, “काय झालं गं? हसालायसा काय दोघी?”

“तुझी लेक पाडवा करालीय!” हौसाक्का ओरडली.

कुठंच फेस येईना तेव्हा मी तो सगळा लगदा प्लास्टिकच्या सुपलीनं भरून प्लास्टिकच्या बादलीत घातला. हौसाक्कानं पत्र्याची सुपली पुढं केली होती, पण पत्र्याला ॲसिड खातं म्हणून ती परत दिली. राहिलेल्या डागावर पुन्हा थोडी रांगोळी, पुन्हा वाट बघणं. मग शेवटी पाणी, भरपूर पाणी, आणि खराट्यानं सगळं मोरीत. फरशीवर गालिच्याएवढा पांढरट डाग राहिला. तळाला भिजलेलं धन्याचं पोतं मी बाहेर काढून ठेवलं. ते फेकायचंच होतं.

“बरं झालं माझी टोपली पुढं हाय ते,” हौसाक्का म्हणाली. आणि जाताना माझ्या डोक्यावर मोठा, जड हात ठेवून गेली.  हौसाक्का काही न बोलता गेली, ही त्या दिवसातली दुसरी नवलाई.

मी गमबूट काढून परसात आले. आप्पा अजून धारेखाली पाय धरून बसले होते. मी सांगेपर्यंत काढायचा नाही म्हटलं होतं ना. चवड्यावर कातडी लालसर झाली होती, फोड नव्हता. मी शेजारी दगडावर बसले.

“आप्पा, तुम्ही तर आतच होता. इतका वास सुटला होता. हौसाक्काला रस्त्यापलीकडं आला.”

“आला की मला. ठसका लागला. मला वाटलं मिरचीचाच.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“आज मिरची नव्हतीच, आप्पा.”

नळ वाहत होता. आप्पा पायाकडे बघत होते.

“मिरच्या वर वाळताहेत,” मी म्हणाले. माझा आवाज पुन्हा जुन्यासारखा बारीक झाला होता. “आज कोठीत नुसते धने होते.”

 मग त्यांनी ओल्या हातानं तोंड पुसलं, डोळ्यांवरून खाली, नाकावरून.

“दिवाळीआधी ताप आलता बघ मला. त्यात गेला. वाटलं, येईल परत. लोकांचा येतो म्हणतात. वाफ घेतली, काढे घेतले. रोज सकाळी तुम्ही झोपला असता हिंगाची डबी उघडतो आणि नाक खुपसून बसतो. हिंग, पोरी! हिंगसुद्धा नाही येत. ठसका तेवढा कळतो. मिरचीचा काय नि ॲसिडचा काय, मला दोन्ही एकच.”

“आईला माहितेय?”

“कुणालाच नाही. कांडपवाल्याचं नाक गेलं म्हणून कळलं तर दारात कोण येईल? डोळ्यांनी भाजत होतो. अंदाजानं. करपलं की बायका सांगायच्या, तेव्हा कळायचं.”

चौगुल्यांची सून करपलेले धने हातावर घेऊन आली होती, तो दिवस मला आठवला. आप्पांनी ते नाकाशी धरले होते, मान हलवली होती. आम्हाला वाटलं होतं, वास घेताहेत.

मी नळ बंद केला. त्यांचा पाय माझ्या ओढणीत घेऊन टिपला. त्यांनी ओढून घेतला नाही.

“तू हौसाक्काला जाऊन सांग,” ते म्हणाले, “आप्पांचा पाय भाजलाय, टोपली घेऊन जा. स्टँडजवळ ने म्हणावं. तिच्या लेकीचा प्रश्न आहे. मी नाही हात लावत.”

“आणि उद्या? परवा?”

त्यांनी लाल चवड्यावरून बोट फिरवलं.

“आप्पा, मी आहे की,” मी म्हणाले. “मला येतो वास.”

“वास येणं वेगळं गं.”

“मग शिकवा.”

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

कढई पुन्हा चढली. स्वयंपाकघरातल्या डब्यातले आमचे घरचे धने घेतले, हौसाक्काचे नाहीत. आप्पा स्टुलावर, पाय वर. मी उलथनं हातात घेऊन.

“रंग बघू नको. रंग उशिरा सांगतो. डोळे मीट. काय येतंय?”

“धन्याचा वास.”

“तसं नव्हे. नीट सांग. कशासारखा?”

मी नाक पुढं केलं. “सुतळीसारखा. पोत्यासारखा.”

“बरोबर. कच्चा आहे. हलवत राहा. आता तो गवतावर जाईल. कापलेल्या, जरा ओल्या गवतावर. मग येईल संत्र्याची साल. सोलताना बोटाला उडतं बघ, तो. तो आला की सावध. त्याच्या मागून एक गोडूस, खरपूस येतो, नवीन लाकूड तासल्यावर सुताराकडं येतो तसा. तो आला की उतरव. दम नाही धरायचा. पुढचा वास करपल्याचा.”

ज्या माणसाला हिंग येत नव्हता, तो माणूस मला धने वाचून दाखवत होता. डोळे त्यांनीही मिटले होते.

पहिली कढई करपली. संत्र्याच्या सालीच्या नादात मी सुतार विसरले.

“करपलं, आप्पा.”

“कसं कळलं?”

“जीभ कडू झाल्यासारखं वाटलं. नाकातूनच.”

“झालं तर मग! कळतंय तुला. टाक ते, दुसरं घे.”

दुसऱ्या कढईला मी गवतापाशी ओरडले, संत्र्यापाशी किंचाळले, आणि सुतार आल्यावर कढई उतरवून अशी उडी मारली की उलथनं आप्पांच्या मांडीवर पडलं. ते हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांचे दात दिसले मला. मग आम्ही हौसाक्काची टोपली घेतली. धने, तीळ, खोबरं, दगडफूल. प्रत्येकाची वेगळी वाट. मी काय येतंय ते सांगायची आणि आप्पा म्हणायचे, अजून, अजून, हां.

दिवेलागणीला हौसाक्का आली. टोपलीपुढे फतकल मारून बसली, चिमूटभर धने तळहातावर चोळले, नाकाशी नेले. पुन्हा नेले. माझ्या छातीत डंक चालू झाला होता.

“बसू,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चक्क मऊ झाला होता. “हे तुझं जुनं काम हाय बघ. आलं बाबा तुझं ध्यान ठिकाणावर. कुठं गेलं हुतं इतकं दीस?”

मी आप्पांकडे बघत होते. घ्या, मनातल्या मनात म्हणत होते मी, घ्या आप्पा, हो म्हणा. मी कुणाला सांगणार नाही. मी कायम कढईपाशी बसेन, पडद्यामागं बसेन म्हणाल तर पडद्यामागं.

आप्पांनी पाय खाली सोडला.

“माझं नव्हे हे, हौसाक्का. दिवाळीआधीच्या तापात माझं नाक गेलं. वास म्हणून काही येत नाही मला. हे सगळं पोरीनं भाजलंय. मी नुसता बसलोय.”

हौसाक्काचा तळहात तसाच हवेत राहिला. तिनं आप्पांकडे बघितलं, त्यांच्या लाल पायाकडे, माझ्याकडे, पुन्हा धन्याकडे. समोरच्या घरात तिच्या शेगडीवरचं काहीतरी उतू गेल्याचा आवाज आला, तरी ती हलली नाही.

“मेल्या,” ती शेवटी म्हणाली, “मग आधी सांगायचं न्हाईस? मी हितं दारात बसून तुला कायबाय बोलत हुतो, चारचौघींत.” तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच ओरडली, “ह्या धन्याचा उग्रपणा! चांगलं भाजलं की असंच हुतं.”

धन्यानं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. 

टोपली डोक्यावर घेऊन ती पायरीवर थांबली. “उद्या मिरची कुटायला येतो. सकाळी न्हवं, पोरीची शाळा सुटल्यावर. चौगुल्याच्या सुनेला पण सांगतो. तिनं तुझं धनं हातावर आणलं हुतं न्हवं? तिला म्हणावं, ये आता नाक घेऊन.” मग मला, “आणि तू गं, शिष्ट! भाव वाढवून ठेवू नगंस.”

ती गेल्यावर आम्ही पायरीवर बसून राहिलो. आप्पांनी दुखरा पाय थंडगार पायरीवर टेकला होता. अंधार पडत होता, गल्लीत एकेक दिवा लागत होता.

“सृष्टे.”

“काय आप्पा?”

“आत्ता कसला वास येतोय गं?”

“कुठं?”

“इथं. असाच. संध्याकाळचा. घराचा.” मग हळूच म्हणाले, “विसरत चाललोय मी.”

मी डोळे मिटले. “हौसाक्काच्या शेगडीवर दूध उतू गेलंय. मास्तरांच्या दारात कुणीतरी नुकतं पाणी मारलंय, धूळ भिजल्याचा येतोय. आपल्या कोठीतून अजून जरासा ॲसिडचा, पण दमलेला. तुमच्या सदऱ्याला धने. सुताराकडचे, करपलेले नाहीत. माझ्या हाताला रबराचा घाण वास. आणि देवळीत आईनं सकाळी ठेवलेला मोगरा आहे, तो आता पिवळा पडला असणार, त्याला गोड गोड, जरा कुजका येतोय.”

आप्पा ऐकत होते. डोळे मिटलेले, मान किंचित वर, कढईपाशी बसायचे तसे.

“अजून,” ते म्हणाले.